सणाची गाडी आणि बायकांचा डबा



गणपती असोत, शिमगा असो की मे महिन्याची सुट्टी, कोकणात जाणाऱ्या गाड्यांची गर्दी आता आपल्या अंगवळणी पडली आहे. वर्तमानपत्रांत दरवर्षी तेच छायाचित्र येते. दाराला लोंबकळणारी माणसे, खिडकीतून आत सरकवली जाणारी पोरे, आणि वर 'चाकरमान्यांचे हाल' असा मथळा. चाकरमानी म्हटले की डोळ्यांपुढे पुरुष येतो. या शब्दात कमीपणा आहे म्हणून यापुढे 'कोकणवासी' म्हणावे, अशा सूचना २०२५ च्या ऑगस्टमध्ये निघाल्या. शब्द बदलला, पण बाई त्यातही दिसत नाही. सणाच्या गाडीतली बाई कोण, ती कोणत्या डब्यातून जाते आणि तिच्यासाठी त्या गाडीत काय राखून ठेवले आहे, हा प्रश्न या अंकात मला मांडायचा आहे.

पुरुषासाठी गणपतीची रजा ही रजा असते. बाईसाठी ती एका कामावरून दुसऱ्या कामावर झालेली बदली असते. बंद घर उघडायचे, झाडायचे, सारवायचे, पाणी भरायचे, नैवेद्याचे पाहायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चहापाणी करायचे. गौरी आल्या की नव्या सुनेचा ओवसा. म्हणून घरातल्या बायका पुष्कळदा दोन-तीन दिवस आधीच निघतात; बरोबर मुले, म्हातारी सासू आणि सामानाची बोचकी. पुरुष मागून येतो. सगळा सण जिच्या हातांवर उभा राहतो, तीच सर्वांत जास्त ओझे घेऊन सर्वांत गर्दीच्या डब्यात चढते.

मग आरक्षण का करत नाही, असे सहज विचारले जाते. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. त्यापूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. सकाळी आठला आरक्षण सुरू होते आणि सणाच्या गाड्या बघता बघता भरतात. सकाळी आठ वाजता आमच्या गटातली घरकाम करणारी बाई दुसऱ्याच्या मोरीत भांडी घासत असते. घरात चांगला फोन असला तर तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. आणि दोन महिने आधी तिला आपली सुट्टी ठाऊक नसते, कारण ती देणे न देणे मालकिणीच्या हातात असते.

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि त्याने किती बायका घराबाहेर पडल्या हे आपण पाहिले आहे. रेल्वेने उलटी वाट धरली. ५८ वर्षांवरच्या बायकांना तिकिटात ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाचे कारण देऊन ती काढून घेतली आणि अजून परत दिलेली नाही. त्याच काळात पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावले गेले. किमान तिकीट १० रुपयांचे ३० झाले आणि ते खाली यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ज्या गाड्या गरिबांच्या म्हणून ओळखल्या जात, त्यांचीच ही गत.

गाडी कोठून सुटते, हाही बायकांचा प्रश्न आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले आणि लालबाग-परळची कोकणी कुटुंबे डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे पांगली. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटत असे. टाळेबंदीनंतर ती पुन्हा धावू लागली ती दिव्याहून. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. पण परळच्या किंवा गोरेगावच्या बाईला पोरे आणि बोचकी घेऊन आधी लोकलमध्ये शिरायचे, पूल चढायचा-उतरायचा आणि मग दिव्याला जागेसाठी झुंजायचे, असा त्याचा अर्थ होतो.

जादा गाड्या सोडल्याच जात नाहीत, असे मी म्हणणार नाही. गणपतीसाठी २०२३ मध्ये ३०५, २०२४ मध्ये ३५८ आणि २०२५ मध्ये ३८० विशेष फेऱ्या जाहीर झाल्या. पण मार्ग तोच आहे. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झालेला कोकण रेल्वेचा मार्ग, २०२१ मध्ये दुहेरी झालेले रोहा ते वीर हे ४६ किलोमीटर सोडले तर, बहुतांश एकेरीच राहिला आहे. एकेरी मार्गावर समोरून गाडी आली की एकीला बाजूच्या रुळावर थांबावे लागते, आणि ही थांबणारी गाडी बहुधा पॅसेंजर असते. जादा फेऱ्या जितक्या वाढतात तितके हे थांबणेही वाढते.

त्या थांबलेल्या डब्यात काय होते ते बायकाच सांगू शकतात. नव्या धाटणीच्या साधारण डब्यात १०० आसने असतात. सणाला त्यात किती माणसे कोंबली जातात हे कोणी मोजत नाही. संडासाच्या दारात सामान आणि माणसे, आत पाणी संपलेले. आमच्या बैठकीत विचारले, तर बहुतेकींचे उत्तर एकच आले: आदल्या रात्रीपासून पाणी प्यायचे नाही. पाळी आली असेल तर कापड बदलायला जागा नाही. अंगावर पिणारे मूल असेल तर चार परक्या पुरुषांच्या कोपरांमध्ये पदर धरून बसायचे. गावी पोचल्यावर लघवीला जळजळ सुरू होते, आणि तशातच चूल पेटवायची. याला कोणी अपघात म्हणत नाही. म्हणून याची नोंद कोठेच होत नाही.

आता कायद्याकडे येऊ. इंग्रज सरकारच्या १८९० च्या रेल्वे कायद्यात ६४ वे कलम होते. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखलाच पाहिजे, आणि गाडी ५० मैलांहून दूर जाणार असेल तर अशा एका कप्प्याला संडास असलाच पाहिजे, असे ते सांगत होते. हे काही स्त्रीमुक्तीच्या प्रेमातून आलेले नव्हते. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बायका परपुरुषाशेजारी कशा बसणार, ही त्यामागची चिंता. तरीही दोन गोष्टी त्यात स्पष्ट होत्या: खालचा वर्ग आणि संडास.

स्वतंत्र भारताच्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात ५८ वे कलम त्याच्या जागी आले. प्रत्येक गाडीत बायकांसाठी एक कप्पा, किंवा प्रशासनाला योग्य वाटतील तितक्या शायिका वा आसने राखून ठेवावीत, असे हे कलम म्हणते. खालच्या वर्गाचा उल्लेख गेला, संडासाचा गेला, आणि 'योग्य वाटतील तितक्या' हे शब्द आले. शंभर वर्षांत आपण जो हक्क वाढवायचा, तो प्रशासनाच्या मर्जीवर सोपवला गेला.

ही मर्जी किती मोठी आहे? लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेसमध्ये बायकांसाठी स्लीपर वर्गात सहा शायिका राखीव असतात, त्याही आरक्षण करणाऱ्या बाईसाठी. बिनआरक्षणाच्या बाईसाठी पुष्कळ गाड्यांत असतो तो गार्डच्या डब्याला जोडलेला एक तुकडा, गाडीच्या अगदी टोकाला. कोकणातल्या लहान स्थानकांवर फलाट आखूड आणि बुटके. टोकाचा डबा फलाटाबाहेर उभा राहिला की कडेवर मूल घेऊन खडीवर उडी मारायची. सणाला या तुकड्यातही पुरुष शिरतात. १६२ व्या कलमात त्यासाठी दंड आहे, पण तो करायला कोणी आले तर ना! आणि गर्दी नसते तेव्हा हाच तुकडा एकाकी होतो. फेब्रुवारी २०११ मध्ये केरळात एर्नाकुलम-शोरणूर पॅसेंजरच्या बायकांच्या डब्यात एकट्या उरलेल्या २३ वर्षांच्या तरुणीवर हल्ला झाला आणि ती वाचली नाही. डबा तुडुंब असो की रिकामा, दुखणे एकच आहे. गाडी जोडताना बायकांचा विचार सर्वांत शेवटी होतो, म्हणून त्यांचा डबाही शेवटी लागतो.

२०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने 'मेरी सहेली' हा उपक्रम सुरू केला. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांचा आसन क्रमांक टिपून घ्यायचा आणि वाटेत चौकशी करायची, अशी त्याची पद्धत. उपक्रम चांगला आहे. पण जिला आसन क्रमांकच नाही, ती या वहीत कशी येणार?

गर्दी जीव घेते, हेही आता सांगायला नको. २७ ऑक्टोबर २०२४ ला दिवाळी-छटसाठी गावी निघालेल्या लोकांची वांद्रे टर्मिनसवर बिनआरक्षणाच्या गाडीत चढताना चेंगराचेंगरी झाली. १५ फेब्रुवारी २०२५ ला कुंभमेळ्याच्या गर्दीत नवी दिल्ली स्थानकावर १८ जण गेले, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. आपले काही पुरुष सहकारी म्हणतात, गर्दी सर्वांचीच आहे, त्यात बायकांचे वेगळे कशाला काढता? गर्दी सर्वांची आहे हे खरेच. पण ती आधी पायाखाली घेते ते कडेवर मूल असलेल्या माणसाला. त्याचा विचार वेगळा केल्याशिवाय गर्दीचाही विचार पुरा होत नाही.

पैसा नाही, डबे नाहीत, हे उत्तर मला पटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गणपतीसाठीच कोलाड ते वेर्णा अशी मोटारी वाहून नेणारी गाडी सुरू झाली. एका फेरीत ४० मोटारी, एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये. त्याच एकेरी मार्गावर मोटारींना वाट मिळू शकते, तर बायकांच्या एका पूर्ण डब्यालाही मिळू शकते. आणि खालच्या वर्गाकडे पाहायचे ठरवले तर काय होते हेही आपल्याला ठाऊक आहे. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली. कोकणातून निवडून गेलेल्या माणसाला त्या फळ्या ठाऊक होत्या.

रेल्वेला जाब विचारताना घरालाही विचारायला हवे. दोनच तिकिटे पक्की झाली तर ती कोणाच्या नावावर राहतात? जागा मिळाली तर आधी कोण बसते? सणाच्या आधी घर लावायला फक्त बाईनेच का जायचे? हे प्रश्न आपल्या बैठकींत निघाले की हशा पिकतो, आणि मग बराच वेळ कोणी बोलत नाही.

मागण्या मात्र नेमक्या हव्यात. सणाच्या प्रत्येक विशेष आणि पॅसेंजर गाडीत बिनआरक्षणाचा एक पूर्ण डबा बायकांचा असावा. तो गाडीच्या मध्यभागी, फलाटावर येईल असा असावा. त्याचा क्रमांक वेळापत्रकाबरोबरच जाहीर व्हावा. गाडी जेथून सुटते तेथे आणि मोठ्या स्थानकांवर त्याच्या दाराशी महिला पोलीस असाव्यात. वाटेत संडासाचे पाणी भरले जावे. वृद्ध बायकांची सवलत परत मिळावी. आणि ५८ व्या कलमातले 'योग्य वाटतील तितक्या' जाऊन 'सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा, संडासासह' हे शब्द यावेत. १८९० मध्ये जे लिहिता आले, ते आज लिहायला कोणाचा हात अडतो?

५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली ही बायकांची पहिली खास लोकल सुटली. नोकरीला जाणारी बाई तेव्हा रेल्वेच्या हिशेबात आली. सणाला गावी जाणारी बाई अजून आलेली नाही, कारण तिचे जाणे हे काम आहे असे कोणी मानत नाही. ते मानायला लावायचे तर आधी मोजावे लागेल. आपापल्या गटांना माझी विनंती आहे की पुढच्या सणाला गावी जाताना प्रत्येकीने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: बायकांचा डबा होता का, कोठे होता, त्यात कोण बसले होते, आणि संडासात पाणी होते का. गाडीचे नाव आणि तारीख घालून ते आमच्याकडे पाठवा. विशेष गाड्यांत बायकांसाठी नेमके किती डबे जोडले, हे माहितीच्या अधिकारात विचारणारे अर्जही प्रत्येक गटाने करावेत. पुढच्या अंकात हे सगळे एकत्र छापू आणि तोच अंक घेऊन रेल्वेच्या कचेरीत जाऊ.