वीणा कोणाच्या हिशेबी लुप्त झाली?

भारतीय संगीताच्या इतिहासग्रंथांत एक विधान इतक्या निर्धास्तपणे पुन्हा पुन्हा येते की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. प्राचीन काळी आपल्याकडे धनुष्याकृती वीणा होती आणि पहिल्या सहस्रकाच्या अखेरीस ती लुप्त झाली, असे ते विधान. यातला पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध खोटा आहे. आणि तो इतकी वर्षे खोटा असूनही टिकला याची कारणे वाद्यशास्त्रात नसून आपल्या विद्याव्यवहाराच्या सवयींत आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

आधी पूर्वार्धाविषयी. 'वीणा' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कॅलेंडरावरची सरस्वती येते. पण तिच्या मांडीवरच्या पडद्यांच्या वीणेला आजचे रूप १७व्या शतकात, तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या काळात आले असे मानले जाते. भरताच्या नाट्यशास्त्रातली सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची ही वाद्ये निराळ्या कुळातली. नावेसारखी कोरलेली लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेले चामडे, पेटीतून वर निघालेला कमानदार दांडा आणि पेटी व दांडा यांमध्ये मोकळ्या ताणलेल्या तारा, अशी या कुळाची घडण. युरोपातल्या हार्पचे हे सगोत्र. इथे पडदे नाहीत. प्रत्येक स्वराला स्वतःची तार. आनंद कुमारस्वामींनी १९३० साली वीणेच्या अवयवांवर निबंध लिहून जुन्या ग्रंथांतले शब्द आणि शिल्पांतली वाद्ये यांचा मेळ घालून दाखवला, त्यालाही आता नव्वदाहून अधिक वर्षे झाली. तरीही नाण्यावरच्या समुद्रगुप्ताच्या मांडीवर हेच वाद्य आहे, हे इतिहास शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते? चित्राखाली 'वीणावादक समुद्रगुप्त' एवढे छापले की अध्यापकाचे काम संपते.

फार लांब जायला नको. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत विहाराच्या ओसरीवर राजपुरुषासमोर नृत्य चालले आहे आणि शेजारी ही वीणा वाजते आहे. हे काम इसवी सनापूर्वीचे आहे. याच लेण्यांतल्या तालवाद्यांच्या जोडीत तबल्याचा पूर्वज शोधण्याचा उत्साह अलीकडे फार दिसतो. तबला मैफलीत आहे, म्हणून त्याला पूर्वज हवा. धनुष्याकृती वीणेचा वारस मैफलीत नाही, म्हणून तिच्याकडे पाहण्याचे कारण नाही. जे आपल्या बैठकीत उरले त्याचीच वंशावळ काढायची आणि बाकीच्याला मृत म्हणायचे, या रीतीला आम्ही इतिहास म्हणत नाही.

आता उत्तरार्ध. मध्य प्रदेशातल्या मंडला भागात परधान गायकांचे बीन-बाजा नावाचे वाद्य आहे. पाच तारांचे, कमानदार दांड्याचे, चामड्याने मढवलेले. १९८५ साली रॉडरिक नाइट या अमेरिकी अभ्यासकाने त्यावर सविस्तर निबंध लिहिला आणि ज्या वीणेचे श्राद्ध ग्रंथांनी कधीच उरकले होते तिच्या कुळातले वाद्य भारतात वाजते आहे, हे विद्वानांना कळले. वाजवणाऱ्यांना ते ठाऊकच होते. लुप्त झाली होती ती वीणा नव्हे, ग्रंथकारांची नजर.

यावर एक आक्षेप येतो व तो ऐकण्यासारखा आहे. बीन-बाजा हा थेट चित्रेचा वा विपंचीचा वंशज कशावरून, असे विचारले जाते. तसा दावा आम्ही करीत नाही आणि आमच्या म्हणण्याला त्याची गरजही नाही. 'भारतातून धनुष्याकृती वीणा नाहीशी झाली' हे विधान खोडण्यास भारतात वाजणारी एक धनुष्याकृती वीणा पुरेशी आहे. गंमत अशी की वंशसातत्याचा लेखी पुरावा आपण फक्त परधानांकडे मागतो. दरबारी वाद्यांची नाळ थेट वेदांशी जोडताना हाच काटेकोरपणा कुठे जातो?

दुसरा आक्षेप संगीताचा. एका तारेवर अनेक स्वर, मींड, गमक काढता येऊ लागले तेव्हा एका स्वराला एक तार बांधणारे वाद्य मागे पडणे स्वाभाविक होते, असा. हे बव्हंशी मान्य. १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, तेव्हा एकतंत्री आणि किन्नरी यांचा मान वाढलेला होता. पण यातून एवढेच सिद्ध होते की दरबाराने एक वाद्य सोडले. दरबाराने सोडले म्हणजे देशाने सोडले, हे समीकरण कोणी मांडले? राग आळवणे हे वाद्याचे एकच काम नव्हे. कथा सांगणाऱ्याच्या आवाजाला मोजक्या स्वरांचा आणि पक्क्या लयीचा आधार देणे हेही काम आहे.

परधान हे गोंडांचे कुळगायक. दर तीन वर्षांनी यजमान गोंड घराकडे जायचे, वंशाच्या व देवांच्या कथा गायच्या, दान घ्यायचे, ही रीत. त्यांचे प्रमुख वाद्य बाना, तीन तारांचे आणि गजाने वाजवायचे. त्यात बडा देव वसतो अशी श्रद्धा आहे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून वेरिअर एल्विनबरोबर १९३२ साली मंडला भागात गेलेल्या शामराव हिवाळे यांनी १९४६ साली परधानांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला. विदर्भातही परधान समाज आहे. तरी मराठीच्या किती अभ्यासक्रमांत हिवाळ्यांचे नाव आहे, हे वाचकांनी जवळच्या महाविद्यालयात जाऊन पाहावे.

'लुप्त' या शब्दाची एक मोठी सोय आहे. लुप्त झालेल्यासाठी कोणाला काही करावे लागत नाही. हळहळ पुरते. जिवंत वाद्य मात्र खर्चिक असते. पावसाळ्यात चामडे ओल धरते, सैलावते, सूर उतरतात. उन्हाळ्यात ते आवळते. तारांच्या ताणाने दांडा वर्षानुवर्षे आत ओढला जातो. पडद्यांच्या वाद्यावर एक तार गेली तर वादक दुसरीवर निभावून नेतो. इथे तार तुटली की त्या सप्तकातला तो स्वरच गेला. म्हणून हे वाद्य ज्याला दुरुस्त करता येते त्याच्याच हातात जगते. ती दुरुस्ती ज्या दानावर चालायची ते यजमानपण आटले, तर वाद्य काचेच्या कपाटात पोहोचते. तिथे त्याचे चामडे फाटत नाही, कारण ते कोणी वाजवत नाही.

याहून वेगळे घडू शकते याचा दाखला शेजारी आहे. भारतातूनच गेलेले हे वाद्य म्यानमारमध्ये 'साँग' या नावाने आजही मानाने वाजते. १८८५ साली तिथला दरबार संपला, वाद्य संपले नाही. स्वातंत्र्यानंतर मंडाले व रंगूनच्या शासकीय संगीतशाळांत ते शिकवले गेले. रेशमी तारांच्या जागी नायलॉन आले, तारा आज १६ झाल्या, दांड्याला गुंडाळायच्या सुती दोऱ्यांऐवजी पुष्कळ ठिकाणी खुंट्या आल्या. याला कोणी भ्रष्टता म्हणाले नाही. बदल हे जिवंतपणाचे लक्षण असते, हे तिथे उमगले.

परधानांची चित्रे मात्र आपल्याला चालली. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांना ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनाने पुढे आणले आणि त्यांच्यामागून एक चित्रपरंपराच उभी राहिली. ते योग्यच झाले. पण ज्या कथा त्या चित्रांत उतरल्या त्या गाऊन सांगायच्या होत्या. चित्र भिंतीवर टांगता येते, विकता येते. गाणे ऐकायला बसावे लागते, आणि ती भाषा समजून घ्यावी लागते.

आमची मागणी मोठी नाही. पाठ्यपुस्तकांतून 'लुप्त झाली' हे शब्द काढावेत आणि त्या जागी मंडला व परधान ही दोन नावे घालावीत. लोककलेच्या नावाने जो पैसा महोत्सवाच्या मांडवावर जातो, त्यातला काही वाद्य घडवणाऱ्याच्या मजुरीला, चामड्याला, तारांना आणि शिकणाऱ्या मुलाच्या वर्षभराच्या वेतनाला द्यावा. हे करायचे नसेल तर निदान हळहळू नये. जिवंत माणसासमोर त्याच्या वाद्याचा शोकसंदेश वाचणे याला रसिकता म्हणत नाहीत.