मृताच्या रक्तातील अल्कोहोल म्हणजे दारूचा पुरावा नव्हे

मृताच्या रक्तात इथिल अल्कोहोल आढळले की तो दारूच्या अंमलाखाली होता, असे मानण्याची सवय पोलीस, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या या सर्वांनाच आहे. जालना जिल्ह्यात या सवयीची किंमत रुपयांत मोजता येते. विहिरीत पडून किंवा रस्त्यावर मेलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अमली पदार्थांच्या अंमलाखाली झालेला अपघात मात्र योजनेने वगळला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून येणाऱ्या ‘सीए रिपोर्ट’मधली (रासायनिक विश्लेषण अहवालातली) एक ओळ त्यामुळे कुटुंबाला भारी पडू शकते.

या सवयीच्या समर्थनार्थ सांगितले जाते, की अल्कोहोल मोजणारी गॅस क्रोमॅटोग्राफी अचूक असते. असते, यात वाद नाही. पण यंत्र अल्कोहोल किती आहे ते सांगते, ते कुठून आले हे सांगत नाही. मृत्यूनंतर आतड्यातले जीवाणू आणि कॅन्डिडासारखे यीस्ट रक्तात पसरतात व शरीरातल्या ग्लुकोजपासून अल्कोहोल तयार करतात. मधुमेही मृतात त्यांना कच्चा माल मुबलक मिळतो, पोट फाटलेल्या अपघातात वाट सोपी होते. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना दोन दिवसांनी विहिरीतून काढलेल्या देहात, थेंबही न घेता, मोटार वाहन कायद्याची १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. सोडियम फ्लोराइड न घातलेल्या बाटलीतही, ती गार ठेवली नाही तर, हीच क्रिया चालू राहते. हृदयातून घेतलेल्या रक्तात जठरातली दारू झिरपून आकडा फुगतो, म्हणून मांडीच्या शिरेतले रक्त अधिक विश्वासार्ह.

दुसरी चूक एककांची. यकृत, जठर अशा अवयवांच्या तुकड्यांतले (व्हिसेऱ्यातले) अल्कोहोल १०० ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये नोंदले जाते. तो आकडा रक्ताच्या ३० मिलिग्रॅमशेजारी, किंवा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ मधील ०.०५ टक्क्यांशेजारी ठेवून निकाल लावणे म्हणजे लिटरची तुलना किलोशी करणे होय. जठरात तर नुकतीच प्यायलेली, रक्तात न उतरलेली दारूही असते.

यावर काही वकील उलट टोक गाठतात: देह सडला होता, तेव्हा अल्कोहोल सडण्याचेच. हेही टिकत नाही. दारू प्यायलेला माणूसही सडतोच. दोन्हींतला फरक शोधता येतो. कुजण्यात इथिल अल्कोहोलबरोबर एन-प्रोपॅनॉल आणि एन-ब्युटॅनॉल तयार होतात. ते सापडले तर संशय घ्यावा. ते न सापडणे मात्र निर्णायक नाही, कारण यीस्ट ते फारसे न बनवताही अल्कोहोल बनवते. डोळ्यातला काचाभ द्रव जीवाणूंपासून बराच काळ सुरक्षित राहतो. पिणाऱ्याच्या या द्रवातले प्रमाण, शोषण पूर्ण झाल्यावर, रक्ताच्या साधारण १.२ पट असते. रक्तात भरपूर आणि डोळ्यात काहीच नाही, तर दारूचा आरोप कमजोर ठरतो. पाण्यात बराच काळ राहिलेल्या देहात मात्र हा द्रवही पातळ होतो.

सर्वांत बोलका पुरावा इथिल ग्लुकुरोनाइड आणि इथिल सल्फेट यांचा. जिवंत शरीर अल्कोहोल पचवताना, मुख्यतः यकृतात, ही संयुगे बनतात. पहिले संयुग जीवाणू मोडूही शकतात. दुसरे अधिक टिकाऊ असते, म्हणून दोन्ही एकत्र तपासावीत. पण त्यांनाही मर्यादा आहे. दारू उतरल्यानंतरही ती लघवीत बराच वेळ राहतात. म्हणजे तो प्यायला होता एवढे सिद्ध होते. अपघाताच्या वेळी तो अंमलाखाली होता, हे नाही. योजनेची अट अंमलाची आहे, कधीतरी पिण्याची नव्हे, हा भेद कचेरीत हमखास हरवतो.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी म्हणून व्हिसेऱ्यासोबत फ्लोराइड घातलेले मांडीच्या शिरेतले रक्त, काचाभ द्रव आणि लघवी स्वतंत्रपणे पाठवावी, नमुना कुठून घेतला ते लिहावे आणि देह किती कुजला होता याचीही नोंद करावी. यांपैकी काहीच नसताना, कुजलेल्या देहातल्या एका आकड्यावर वारसांचा दावा फेटाळणे शास्त्राला धरून नाही. असा दावा फेटाळला गेला, तर वारसांनी पहिला प्रश्न विचारावा: नमुना कशाचा होता आणि बाटलीत फ्लोराइड होते का?