जुन्या गाण्यांना नवा ठेका कशाला?

मिरजोळ्यात घरच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर संगीत करतो. अर्धवट गाण्यांचा ढीग आहे. एकात शिमग्याचा ढोल आहे, मोबाइलवर घेतलेला. मध्येच कुणी तरी ‘पालखी फिरव रे!’ म्हणून ओरडतो. मित्र म्हणतात, आवाज साफ कर, नवी बीट घाल आणि टाक यूट्यूबवर. मला हे पटत नाही. का, ते एका जुन्या उदाहरणावरून सांगतो.

अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे प्रयोग केले. त्या प्रयोगांच्या ध्वनिफिती संस्थेतच पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गस यांना त्या २०१७ मध्ये सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. त्याखाली कुणी आजचा ठेका सरकवला असता, तर ऐकायला उरलं काय असतं? चाचपडणं हाच तर त्यातला जीव.

फितीचं एक बरं असतं, ती शाबूत असली आणि चालू टेपयंत्र मिळालं की वाजते. आमच्या प्रोजेक्ट फायली नखरेल. जुनं ३२ बिटचं प्लगिन नव्या कॉम्प्युटरवर चाललं नाही, की सिंथचे सूर गायब! ढोल तेवढा वाचतो, कारण ती साधी वेव्ह फाइल. तेव्हा पोरांनो, गाणं अर्धवट असलं तरी प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह करून ठेवा आणि सिंथचं नाव, लय, तारीख फायलीच्या नावातच लिहा. सुधारायचंच असेल, तर प्रतीवर सुधारा.