न दुखणाऱ्या गाठीचे अर्थशास्त्र

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी त्याला बळी पडल्या. निदानाला होणारा विलंब हे या मृत्यूंमागील एक प्रमुख कारण होय. रुग्ण प्रथम डॉक्टरांपुढे येते तेव्हा पुष्कळदा गाठ वाढलेली असते, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली असते, काखेतही गाठी हाताला लागतात. क्वचित जखम वाहू लागलेली असते. काही जणी पाठदुखी वा धाप लागते म्हणून येतात आणि रोग हाडांत किंवा फुफ्फुसांत पोचल्याचे तेव्हाच उघड होते.

या विलंबाला ‘अज्ञान’ म्हणून मोकळे होणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. प्रारंभीची गाठ सहसा दुखत नाही. तपासणी विनामूल्य असली तरी तिच्यासाठी रोजगार बुडतो, प्रवासखर्च होतो, सोबत येणाऱ्याचीही मजुरी जाते. हातावर पोट असलेल्या घरात खर्चाचा क्रम वेदनेवरून ठरतो. त्यात गृहिणीचा क्रमांक मुळातच शेवटचा, आणि संकोचाची भर निराळीच. आज वाचवलेल्या त्या मजुरीची किंमत पुढे दीर्घ उपचार, कर्ज आणि प्राण या रूपाने मोजावी लागते.

म्हणून तपासणीच स्त्रीच्या दारी गेली पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून हा प्रयोग केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांपैकी एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रुग्णांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के, तर तपासलेल्या गटात ३७ टक्के होते. पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र असा लाभ दिसला नाही. यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत, हे विशेष.

सरकारने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयोगटातील शंभरांत एकीचीही अशी तपासणी झालेली आढळली नाही. केवळ गाठ शोधूनही भागणार नाही. संशयित रुग्णाची पुढील तपासणी व उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी त्वरित व्हावेत, आणि बुडालेल्या मजुरीची व प्रवासाची भरपाई मिळावी. हा खर्च शासनाने आज टाळला, तर तो उद्या गरीब कुटुंबांच्याच माथी पडणार आहे.