टांगा नशिबाने उलटला नव्हता

1929 सालच्या ऑक्टोबरात बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महारांना टांग्यात घेणे कमीपणाचे, म्हणून कोणी टांगेवाला हाकायला तयार होईना. शेवटी आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि लगाम आपल्यातल्याच एकाच्या हाती दिला. त्याला टांगा हाकायचा सराव नव्हता. वस्तीकडे जाणाऱ्या पुलाला कठडा नव्हता, अंतराअंतरावर नुसते दगड रोवलेले. चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडले. बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

आपण हा प्रसंग जातीचा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण बाबासाहेबांनी पुलाचेही वर्णन केले आहे: कठडा नाही, तळ दगडी, पूल रस्त्याला काटकोनात, वळण एकदम. अपघाताची कारणे शोधायची कशी, याचा हा धडा आपण कधी वाचलाच नाही.

हे आज आठवले ते महामार्गालगतच्या एका वाडीत सांत्वनाला गेल्यामुळे. एक बाई संध्याकाळी एसटीतून उतरून रस्ता ओलांडत होती. गाडीने उडवले, गाडी थांबली नाही. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि खाली बसलेली माणसे म्हणत होती, “तिचो दिवस भरलो होतो.” बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली माणसे! गाडी धडकली की आपण पुन्हा नशिबाच्या पायरीवर जाऊन बसतो.

तळेरे तिठ्यावर पावसात तासभर उभे राहून बघा. मुंबई-गोवा महामार्ग, विजयदुर्गाकडचा फाटा, वैभववाडीवरून करूळ घाटाने कोल्हापूरला जाणारा रस्ता, सगळी वाहतूक इथे एकत्र येते. चौपदरीकरणाने गाडीवाल्यांचा वेळ वाचला. पण एसटीची वाट बघणारा, बाजाराची पिशवी घेऊन चालणारा, शाळेतून परतणारी पोरगी यांनी कुठून आणि कसे ओलांडायचे, हा प्रश्न आराखडा काढताना कोणी आधी विचारतो का? 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यात 32,825 पायी चालणारे होते आणि 74,897 दुचाकीवरचे. कारमधल्या माणसाभोवती पत्रा असतो, एअरबॅग असते. चालणाऱ्याभोवती काहीच नसते.

यावर सरकारी उत्तर काय? रस्ता सुरक्षा अभियान, हेल्मेट रॅली, चालकाला गुलाबाचे फूल. हेल्मेट घालाच, दारू पिऊन गाडी चालवू नका, यात वाद नाही. पण सगळा दोष चालणाऱ्याच्या ‘बेशिस्तीवर’ ढकलला की रस्ता बांधणारा सुटतो. स्वीडनने 1997 साली उलटा विचार कायद्याने स्वीकारला. माणूस चुकणारच, रस्ता असा बांधा की त्या चुकीची किंमत जीव नसेल.

दुसरे उत्तर आपण कणकवलीत पाहिले. जुलै 2019 मध्ये तेव्हाच्या आमदारांच्या उपस्थितीत महामार्गाच्या अभियंत्यावर चिखल ओतला गेला. टीव्हीवर झकास दिसले. लोकप्रतिनिधीच्या हातात कायदा असताना त्याला चिखलाची बादली का लागावी?

कारण कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आले. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात वा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे, आणि तीही घरच्यांना नाही, सरकारी निधीत जाते. तरी त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. धोका त्यांना माहीत होता का, हे न्यायालयाने पाहायचे असते. म्हणून तोंडी बोंब मारून उपयोग नाही. ग्रामसभेचा ठराव आणि पोच घेतलेला अर्ज हवा, म्हणजे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय उरत नाही.

त्या बाईच्या घरी दुसरी गोष्टही कोणाला माहीत नव्हती. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तरी मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार भरपाई मिळते. 1 एप्रिल 2022 पासून हा दर आहे, आधी मृत्यूला पंचवीस हजार होते. अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे. मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर. एफआयआरची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत जपून ठेवा. आम्ही त्यांचा अर्ज भरायला बसलो तेव्हा घरात एफआयआरची प्रतच नव्हती, ती मिळवण्यात दोन फेऱ्या गेल्या.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा आपला प्रश्न नाही, अत्याचाराची प्रकरणे कमी आहेत का? कमी नाहीत. पण कोकणात आपली वाडी बहुधा गावाच्या कडेला, थांब्यापर्यंत चालत जाणारे आपण, रात्रपाळीहून दुचाकीने परतणारी पोरे आपली.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत एवढेच मांडा: आपल्या हद्दीत महामार्ग कुठे कुठे ओलांडला जातो त्या जागा, तिथे दिवा आहे का, गतिरोधक पट्टे आहेत का, थांब्याला उभे राहायला जागा आहे का. फोटो काढा, तारीख घाला, ठरावाला जोडा. सचिव लिहून घ्यायला टाळाटाळ करतील, तेव्हा सभा संपेपर्यंत उठू नका.

जयभीम.