झाकलेली नको, धावती हवी

या आठवड्यात अँटॉप हिलच्या एका गल्लीत आजोबा, मुलगा आणि नात असे तिघं जुन्या ब्युइकचं बॉनेट उघडून आत डोकावताना दिसले. अमेरिकन गाडी मुंबईला परकी मुळीच नाही. इथून जवळच, शिवडीला, १९२८ ते १९५४ जनरल मोटर्सचा कारखाना होता आणि शेवरोलेसारख्या गाड्या तिथे जोडल्या जात. पुढे उद्योगपती वालचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ उभ्या केल्या. पॅकार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. ते नावच १९५८ नंतर बाजारातून गेलं, त्यामुळे एखादा सुटा भाग हाती लागला की घरात पेढे येणारच! जुन्या गाड्यांचा हा नाद एकट्याला झेपत नाही. कार्ब्युरेटर खोलायला, क्रोम घासायला, जागेचं भाडं सोसायला अख्खं घर लागतं. २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा मानाचा क्रमांक दिला खरा, पण व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायला मनाई केली. हे मला अजिबात पटत नाही. रविवारी सकाळी नातवंडांना घेऊन ती दादरपर्यंत जायलाच हवी. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, टाकी आतून गंजते, आणि गिअर कसा पडतो हे पुढच्या पिढीच्या हाताला कधी कळतच नाही.