खोली एक, बहिणी दोन

वन बीएचकेत आजी, आई-बाबा, ताई आणि हॉलमध्ये गादी टाकून आपण. अशा घरात वाढलेल्यांना इंग्लंडचा एक नियम चोचले वाटू शकतो. फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे स्वतःच्या घरी राहणं शक्य नसलेलं मूल दुसऱ्या कुटुंबाने सांभाळायचं असेल, तर तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र बेडरूम हवी, असं तिथली २०११ची मानकं सांगतात.

मला ते पटतं. मारहाण सोसून आलेलं पोर परक्या घरात निवांत झोपणार कसं? त्याला ओढून घेता येईल असं दार हवं, कपड्यांना स्वतःचा कप्पा हवा.

गोची होते ती भावंडांची. पाच आणि सात वर्षांच्या बहिणी आल्या आणि रिकामी खोली एकच असली, तर? मानकांत वाट आहे: मुलांची जबाबदारी असलेल्या स्थानिक प्रशासनाने मान्य केलं, तर खोली शेअर करता येते. त्याआधी दादागिरीची शक्यता, जुना अत्याचार आणि मुलांची इच्छा बघायची. बघाच, पण काही अडचण नसेल तर उगाच ताणू नका. घर नवं, शाळा नवी आणि शेजारच्या पलंगावर ताईही नाही, हे जरा अतीच होतं. दोन पलंग, दोन कप्पे, मध्ये हवा तर पडदा. बसतं एका खोलीत!

आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ही सांगतं, की मुलांच्या हिताआड येत नसेल तर भावंडांना एकत्र ठेवा. मुंबई-पुण्यात जादा खोली कुणाकडे असते? त्यामुळे इथे घर तपासायला येणाऱ्यांनी खोल्या मोजण्याआधी विचारावं, दोघींना घ्याल का?